आवाज कुणाचा बसला?

मी टेपरेकॉर्डर बोलतोय. मोठ्यानं बोलणं हाच माझा धंदा. पण एक गोष्ट वर्षानुवर्षं पोटात ठेवली आणि तिच्या भीतीनंच निम्मा झिजलो.

१९८६ साली धर्मराजांनी मला जालन्यात विकत घेतलं. दिवसा ते एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात आणि संध्याकाळी माझ्यासमोर. गावच्या साप्ताहिकात नव्या कॅसेटींवर लिहायचे. त्यांनी ‘घ्या’ लिहिलं की दुकानातल्या कॅसेटी हातोहात खपत; ‘राहू द्या’ लिहिलं की फुकटही कुणी नेत नसे.

सुरुवातीला माझं आवाजाचं बटण तीनवर असे. मग पाच झालं, सात झालं. कारखान्याचा ठणठणाट त्यांचे कान खात होता आणि हे फक्त मला ठाऊक होतं. ते म्हणत, “आजकाल रेकॉर्डिंगच बारीक करून राह्यलेत.” बटण नऊवर गेलं; पुढं फक्त दहा उरलं.

१९९८ साली जाफराबादच्या बदरोद्दीन कव्वालांची पहिली कॅसेट आली. नेमका तेव्हाच माझा रबरी पट्टा सैल पडलेला. गाणं जड, रेंगाळत निघालं. चूक माझी, पण सांगू कसं? धर्मराजांनी लिहून टाकलं, ‘आवाज बसलाय. राहू द्या.’

आठवड्याभरात बदरोद्दीन दारात हजर.

“साहेब, उरुसाची बोलावणी रद्द झाली. गळा तर बिलकुल बराबर हाये. कुठं बसला, दाखवा.”

त्यांच्या ओठांकडं एकटक बघत असलेल्या धर्मराजांनी तीच कॅसेट लावली. मी पहिली ओळ तशीच जड, रेंगाळत काढली.

आतून त्यांच्या पत्नी नंदाबाई ओरडल्या, “अहो, टेप रडून राह्यलाय! महिना झाला. तुमाला ऐकू येत न्हाई का?”

धर्मराजांनी मानही वर केली नाही. मला बंद करून, पाठमोरे वाकून ते कॅसेट काढू लागले. तेवढ्यात बदरोद्दीननी मागून तीच ओळ हलक्या, स्वच्छ गळ्यानं धरली.

“बोला की, गप का झाले?” धर्मराज म्हणाले.

नंदाबाई बाहेर आल्या आणि त्यांनी धर्मराजांना धरून वळवलं. समोर बदरोद्दीनचे ओठ हलत होते. धर्मराजांचा हात आपल्या कानाकडं गेला. बदरोद्दीननी डोळे पुसत ओळ पुरी केली.

पुढच्या अंकात एवढंच छापून आलं : ‘आवाज बसला नव्हता. दडे माझ्या कानाला बसलेत. कॅसेट घ्या.’ त्यानंतर त्यांनी लिहिलं नाही.

त्याला पाच-सहा वर्षं झाली. नवा पट्टा बसवलाय, तरी मी आता थकलोय. धर्मराज अजून रोज मला लावून समोर बसतात. परवा मध्येच लाइट गेली. मी गप्प झालो आणि ते मान डोलवतच राहिले. मी फार घाबरलो. एक दिवस मी कायमचा बंद पडेन. तेव्हा मी थांबलोय हे कुणीतरी त्यांना सांगाल ना?