फोटो गेला, ओळ मागे राहिली

मी एका शाळेच्या फाटकावरचा जुना मोबाइल. मित्रांनो, माझी काच एका कोपऱ्यात तडकली आहे. बॅटरी फुगल्यामुळे पाठीचं झाकण नीट बसत नाही, म्हणून मला रबरबँड लावलं आहे. हसू नका. एके काळी मी मुख्याध्यापिका बाईंच्या पर्समध्ये चष्म्याच्या घराशेजारी ऐटीत राहायचो.

मला कुठल्या कारखान्यात कोणी घडवलं ते आठवत नाही. माझ्या आठवणी बाईंच्या अंगठ्यापासून सुरू होतात. त्या माझ्यावरून वेळापत्रकं पाठवायच्या आणि दुपारच्या सुट्टीत धाकट्या बहिणीशी भांडायच्या. दोन वर्षांनी त्यांनी नवा फोन घेतला आणि माझी बदली फाटकावर झाली. ही काही बढती नव्हे, एवढं मला कळत होतं.

फाटकावर मावशी असतात. त्यांचा आवाज असा की मैदानाच्या दुसऱ्या टोकाला चप्पल विसरलेला मुलगा जागच्या जागी थांबतो. पण टाइप करायचं म्हटलं की मावशींचं अवसान गळतं. एकच बोट, तेही अक्षरं शोधत फिरणारं. ‘उद्या सुट्टी’ एवढं लिहायला त्यांना अख्खा चहा लागायचा, आणि तो शेवटी थंडच प्यावा लागायचा.

तरी मला फाटकावर आवडू लागलं, कारण तिथे माझं कौतुक झालं. एकदा पहिलीतली एक मुलगी चुकून शेजारच्या शाळेच्या बसमध्ये चढली. मावशींनी सकाळच्या रांगेचा फोटो काढून ठेवला होता. तो त्यांनी पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि पंधरा मिनिटांत मुलगी सापडली. तिच्या आईने मावशींचे हात धरले, रडली, आणि माझी काच स्वतःच्या रुमालाने पुसली. फाटकावर आल्यापासून मला पहिल्यांदाच कोणी पुसलं होतं.

मग पालकांनी मिळून एक नियम केला. शाळेत येणाऱ्या प्रत्येक परक्या माणसाचा, त्याच्या गाडीच्या नंबरासकट, फोटो ग्रुपवर टाकायचा आणि खाली येण्याचं कारण लिहायचं. नळ दुरुस्त करणारा, पंखे पुसणारा, पुस्तकांचे खोके आणणारा, सगळ्यांचे फोटो मीच काढले. माणूस घाईत असायचा म्हणून मावशी आधी फोटो पाठवायच्या आणि मग सावकाश कारण लिहायच्या. फोटो आणि कारण यांच्यात चार-पाच मिनिटं जायची. त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. मलाही नाही.

पुढे निवडणूक आली आणि शहराचा नूर बदलला. आमच्या ग्रुपवर तोवर हरवलेले डबे आणि गणिताच्या शंका असायच्या. आता तिथे सभांचे, मोर्चांचे, घोषणांचे व्हिडिओ येऊ लागले. मुलाच्या वहीवर सही करायला ज्यांना सवड नसायची, ते बाबा एकमेकांना पानपानभर उत्तरं देऊ लागले. दोघे रागाने ग्रुप सोडून गेले आणि कोणी विचारत नाही हे पाहून तिसऱ्या दिवशी परत आले. इथवर गंमत होती. मग एका संध्याकाळी शहराच्या पलीकडच्या भागात दगडफेक झाली, आणि त्यानंतर मला रोज धास्ती वाटू लागली. ‘सावध राहा’, ‘मुलांना एकटं सोडू नका’, ‘पांढरी गाडी फिरते आहे’. कोणी पाहिली, कुठे पाहिली, कोणीच लिहीत नव्हतं. तिसरीतल्या एका मुलीचे बाबा तर असा प्रत्येक निरोप जेवायच्या आत सगळ्यांना वाढून मोकळे व्हायचे. ते वाईट नव्हते. ते घाबरले होते, आणि पाठवून टाकलं की त्यांना थोडा वेळ बरं वाटायचं.

अशाच एका दुपारी गादीवाले काका आले. व्यायामवर्गातल्या गाद्या फाटल्या की ते नेऊन पुन्हा भरून आणत. बाईंनीच त्यांना बोलावलं होतं. गादीतला काथ्या सांडू नये म्हणून ते ती जुन्या चादरीत गुंडाळत आणि दोरीने दोन ठिकाणी आवळत. अशी एक गुंडाळी खांद्यावरून गाडीत सरकवत असताना मावशींनी फोटो घेतला. गाडी पांढरी होती. नंबर स्वच्छ दिसत होता. काकांचा चेहराही.

फोटो गेला. मावशी लिहू लागल्या, ‘व्यायामाच्या गा’. तेवढ्यात घंटा झाली.

ती बालवर्ग सुटण्याची घंटा होती. ती मुलं शाळेच्या दोन बसमधून जात आणि यादीप्रमाणे एकेकाला हात धरून बसवण्याचं काम मावशींचं. त्यांनी मला खिशात टाकलं. काका हात करून निघून गेले. शाळेच्या वेळात माझा आवाज बंद असतो, मी फक्त थरथरतो. मी थरथरू लागलो.

‘हा कोण?’ एका आईने विचारलं.

‘खाली कारण का नाही लिहिलं?’

‘गुंडाळीची लांबी बघा.’

‘चादरीत काय आहे?’

मग तिसरीतल्या मुलीच्या बाबांनी लिहिलं, ‘हीच ती गाडी. पुढे पाठवा.’ आणि फोटो आमच्या ग्रुपमधून बाहेर पडला. माझाच फोटो पाच मिनिटांत बाहेरून फिरून माझ्याकडे परत आला, तेव्हा त्याच्याखाली ओळ होती, ‘शाळेतून मूल पळवलं.’ मित्रांनो, माझ्या तोंडचं पाणी पळालं, असं मी म्हटलं असतं, पण मला तोंड असतं तर मी ओरडलोच असतो. मला सगळं वाचता येत होतं आणि बोलता काहीच येत नव्हतं.

सहावीतल्या एका मुलाच्या आजींनी तेवढं शहाणपणाचं लिहिलं. ‘आधी मावशींना फोन करून विचारा ना.’ ते कोणी वाचलं नाही. शेवटी आजींनी स्वतःच फोन लावला. मी खिशात जीव तोडून थरथरलो. मावशींच्या एका हातात रडणारं पोर होतं आणि दुसऱ्या हातात दोन दप्तरं. त्यांनी कोपराने मला दाबलं.

“थांब रे बाबा. काय घाई लागलीय तुला,” त्या म्हणाल्या.

आजींनी तीनदा फोन केला. तिसरा संपला तेव्हा ग्रुपवर आलं, ‘गाडी मोठ्या चौकात अडवली.’

दोन्ही बस गेल्यावर मावशींनी मला बाहेर काढलं. वाचता वाचता त्या फाटकाच्या दगडावर खाली बसल्या. त्यांच्या बोटाने कसंबसं लिहिलं, ‘गाद्या आहेत गाद्या’. ती ओळ दीडशे निरोपांच्या ढिगाखाली गेली. मग त्यांनी काकांना फोन लावला. तो वाजत राहिला, पण कोणी उचलला नाही. मग मावशी खेळाच्या सरांच्या स्कूटरवर मागे बसल्या आणि मला मुठीत आवळून चौकात पोचल्या.

रस्ताभर काथ्या पसरला होता. काकांनी शाळेतून नेलेल्या पाचही गाद्या ब्लेडने उभ्या फाडल्या होत्या. आत काहीच नाही हे पहिल्याच गादीत कळलं असणार, तरी पाचही फाडल्या होत्या. काका गाडीच्या चाकाला टेकून बसले होते. कानातून रक्त येत होतं आणि उजवा हात त्यांनी डाव्या हातात तान्ह्या मुलासारखा धरला होता. दोन पोलीस नुकतेच आले होते आणि गर्दी पांगू लागली होती. तिसरीतल्या मुलीचे बाबा तिथेच उभे होते. त्यांच्या हातातला फोन अजून चालू होता.

“अहो, तुमची मुलगी याच गाद्यांवर कोलांट्या मारते,” मावशी म्हणाल्या. “विचारायचं तरी होतं मला.”

बाबांचा चेहरा उतरला होता. ते हळू आवाजात म्हणाले, “मावशी, फोटो तुम्हीच टाकला होता.”

मावशींनी मला आणखी घट्ट आवळलं. त्यांच्या मुठीला घाम आला होता, तो माझ्या काचेच्या तड्यात उतरला. मला त्या बाबांचा राग आला आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा. एवढा स्वच्छ फोटो मीच काढला होता.

नंतर ग्रुपवर माफीचे निरोप आले, जोडलेले हात आले. लोकांनी आपापलं लिहिलेलं पुसून टाकलं. काकांच्या उजव्या हाताची दोन बोटं मात्र वळेनाशी झाली. गादीची लांब सुई त्याच बोटांत धरायची असते. बाईंनी शाळेसाठी नव्या गाद्या मागवायचं ठरवलं, पण काकांनी निरोप पाठवला की शाळेचं काम माझ्याकडे आहे, ते मीच पुरं करीन.

दीड महिन्याने ती पांढरी गाडी पुन्हा फाटकाशी उभी राहिली. काकांनी मागचं दार उघडलं आणि एक गादी डाव्या खांद्यावर घेतली. डाव्या हाताने घातलेले टाके वाकडेतिकडे होते. मावशी मला खिशातून काढेनात.

“नियम आहे ना?” काकांनी विचारलं.

“राहू द्या हो. तुम्हाला कोण ओळखत नाही आता?”

“तेच तर. काढा तुम्ही.” काका जागेवरून हलले नाहीत. “पण आधी लिहा. मी थांबतो.”

गादी जड होती. मावशींचं बोट अक्षरं शोधू लागलं. ‘व्यायामाच्या गाद्या भरून आणल्या आहेत. आणणारे गादीवाले काका आपल्या शाळेचे आहेत.’ काका ओझं खांद्यावर घेऊन शेवटच्या अक्षरापर्यंत उभे राहिले. ओळ गेली. मग मावशींनी मला वर धरलं आणि मी फोटो काढला. त्यात गाडी आहे, नंबर आहे, गादी आहे. ऐन क्षणी काकांनी मान वळवली होती. त्यांचा चेहरा त्यात नाही.

मित्रांनो, माझ्यासारखाच एखादा फोन तुमच्याही घरात असेल. तो तुमच्या हातात आला आणि त्यात कोणा अनोळखी माणसाचा चेहरा दिसला, तर पुढे पाठवण्याआधी एक फोन लावून विचारा. आणि आजींसारखं कोणी विचारत असेल, तर त्यांचा फोन उचला. मी फक्त थरथरू शकतो, उचलावं तुम्हालाच लागतं.