सरळ केलेल्या पट्ट्या

गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतण्यात टेपमावशींचा उभा जन्म गेला होता. निवृत्त झाल्या तरी गळ्यातला टेप काही सुटला नाही, म्हणून हे नाव. सुताचा फरकही त्यांच्या डोळ्याला खुपायचा, आणि एकदा खुपला की त्यांना गप्प बसवत नसे.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी चौघीजणी नव्या तऱ्हेच्या गोधड्या करायला जमत. प्रत्येकीने आपल्या मनासारखा मधला तुकडा जोडायचा आणि दुसरीला द्यायचा. तिने त्याभोवती आपली चौकट शिवून तिसरीला. अशी चार हातांतून एक गोधडी पुरी व्हायची. नियम एकच होता, आधीच्या कामाला हात लावायचा नाही.

यंदा चौघींतल्या नर्सबाईंचा तुकडा मावशींकडे आला. पिवळ्या आणि करड्या पट्ट्या, त्यात एकही धड नाही. इथे फुगलेली, तिथे निमुळती, शिवणी नागमोडी. मावशींनी कपाळाला हात लावला.

"बिचारीला ड्यूटीतून वेळ कुठला! नीट करून देते," त्या सुनेला म्हणाल्या.

"आई, हात लावायचा नाही असं ठरलंय ना तुमचं?"

"अगं, वाकडं सरळ करायला कसली आलीय परवानगी?"

आणि त्यांनी शिवणी उसवल्या, पट्ट्या रेघेत कापल्या, पुन्हा जोडल्या. कातरण केराच्या डब्यात गेलं. चौकटही अशी चोख बसवली की स्वतःच स्वतःवर खूष झाल्या.

शनिवारी त्यांनी घडी उलगडली. "वा!" दोघीजणी एकदमच म्हणाल्या. नर्सबाई मात्र पिवळ्या पट्टीवरून बोट फिरवत राहिल्या.

"कापलंत?"

"थोडंसंच. फार वाकडं होतं गं."

"कडा कुठायत?"

"टाकल्या. कातरण कोण ठेवतं?"

नर्सबाईंनी तुकडा खाली ठेवला. "आमच्या ह्यांनी कापल्या होत्या त्या. उजवा हात गेल्यापासून पहिल्यांदाच कात्री धरली होती. डाव्या हातात."

त्यांचा नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आजारपणात त्याची उजवी बाजू लुळी पडली, हेही.  माफी मागायची सोडून मावशी म्हणाल्या, "मग मला आधी सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तरच नियम पाळला असता का, मावशी?"

मावशींच्या तोंडातून शब्द निघून गेले होते. त्यांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. घरी सुनेने "कसं झालं?" विचारलं, तर त्या "डोकं दुखतंय" म्हणून पडून राहिल्या.

दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी तिथून उचलून आणलेला तुकडा पिशवीत घालून त्या नर्सबाईंच्या दारात उभ्या राहिल्या. पेंटर नवरा खिडकीशी बसला होता. मावशींनी तुकडा त्याच्या मांडीवर पसरला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

त्याने डाव्या हाताने शिवणी चाचपल्या. मग एकेक शब्द जुळवत बोलला, "काम... छान आहे. माझं नाही."

"मी नवं कापड आणलंय. पुन्हा कापून द्याल? मी उसवते सगळं."

त्याने डाव्या हाताने कात्री घेतली आणि एक पट्टी कापली. थोडी तिरकी, पण बरीचशी सरळ. त्याने ती उचलून धरली आणि ओशाळं हसला. "हात सुधारला. तसं आता... जमायचं नाही."

मावशींना वाटलं होतं, चूक भरून निघेल. पण ते वाकडेपण आता त्याच्याकडेही उरलं नव्हतं, आणि होतं तेवढं आपण केरात टाकलं. त्या माणसासमोर त्यांना मान वर करवेना.

त्याने कात्री त्यांच्यापुढे सरकवली. "तुम्ही. डाव्याने."

"मला नाही जमायचं हो."

"मलाही नव्हतं जमत."

मावशींनी कात्री धरली. पातं कापड कापायच्या ऐवजी चावू लागलं, अंगठा रुतला, पट्टी मध्येच फाटली. दारातून नर्सबाई बघत होत्या; त्या ना हसल्या, ना मदतीला आल्या. कानशिलं तापली तरी मावशी कापत राहिल्या. चार पट्ट्या झाल्या, चारी दिशांना चार. आपली चोख चौकट त्यांनी तिथेच बसून उसवली आणि त्या जागी ह्या पट्ट्या जोडल्या. पेंटरची ती एक पट्टी वरच्या कडेला घेतली.

पुरी होऊन गोधडी वाचनालयाच्या भिंतीवर लागली तेव्हा एका बाईंनी आतल्या चौकटीकडे बोट दाखवलं. "मधलं किती सुबक आहे, आणि इथेच कसं बिघडलं?"

"बिघडलंय ते मधलं," मावशी म्हणाल्या. "मीच बिघडवलं."

नर्सबाईंनी ते ऐकलं.  पुढच्या खेपेला त्यांनी आपला नवा तुकडा आधी बाकी दोघींकडे दिला, आणि दोन चौकटींत तो बंदिस्त झाल्यावर, सगळ्यांत शेवटी, मावशींकडे. मावशींनी तो दोन्ही हातांनी घेतला. शेवटी का, हे त्यांना विचारावं लागलं नाही.