श्यामरावचा रिकामा फ्रिज

दुकानात आमच्या नेहमीच्या रमचा खडखडाट होता, म्हणून आम्ही रेड वाइन घेतली. तीही सगळ्यांत स्वस्त. श्यामराव स्टील प्लांटमधला रिटायर्ड क्लार्क, मी पुंडलिक, चरोदा यार्डातला मालगाडीचा रिटायर्ड गार्ड. आमच्या जिभा कँटीनच्या चहावर पोसलेल्या.

कोहक्यात श्यामरावच्या घरी पहिला घोट घेतला. भिलाईचा मे महिना. वाइन कसली, काढा होता.

"फ्रिजात ठेव ना बे," मी म्हणालो.

"फ्रिजात नाही. कलावतीले चालत नाही."

त्याची बायको, कलावतीवहिनी, गेल्या दिवाळीच्या आधीच वारली होती. फ्रिजमध्ये नैवेद्याचं दही असतं, तिथे बाटली जाणार नाही, हा त्यांचा नियम. त्यावरून दोघांचं जन्मभर वाजायचं. मी उठून फ्रिज उघडला. आत दिवा तेवढा होता.

"दही कुठं आहे?"

"नियम आहे ना."

रिकाम्या फ्रिजची राखण करणारा माणूस मी प्रथमच पाहत होतो. डोकं फिरलं, पण काढा पिववेना. मग ब्रेकव्हॅनमध्ये पाण्याची बाटली गार करायचो तसा गमछा भिजवला, बाटलीला गुंडाळला आणि ती कूलरसमोर ठेवली. चिवडा संपत आला तेव्हा ओतली.

दोघांनीही लगेच दुसरा घोट घेतला. फार गार नाही, गरम तर नाहीच. जांभळासारखी तुरट, आणि घशाखाली उतरल्यावर हळूच गोड.

"बरी आहे," श्यामराव म्हणाला. एवढं कौतुक त्यानं पोरीच्या लग्नात जावयाचंही केलं नव्हतं.

मग दर शनिवारी बैठक, आणि दर शनिवारी माझी टोचणी. वहिनी गेल्या, आता नियम कोणासाठी? हा असाच झुरत राहिला तर टिकायचा नाही, अशी मला खरोखरच भीती वाटत होती.

एका शनिवारी त्यानं ऐकलं. फ्रिजचं दार धरून बराच वेळ उभा राहिला आणि बाटली आत ठेवली. मला वाटलं, सुटला एकदाचा.

जेवायच्या आधी काढली. जीभ बधिर. जांभूळ गायब, नुसतं गारढोण आंबट पाणी.

श्यामरावनं पेला खाली ठेवला. "कलावतीचं बराबर होतं. अन् मी तिले जिंदगीभर म्हणत राहिलो, तुले काय समजते?"

त्याचे डोळे भरून आले. माझेही आले. आम्ही चिवडा खाल्ला.

पुढच्या शनिवारी पाणी घ्यायला मी फ्रिज उघडला. मधल्या कप्प्यात दह्याची वाटी, वर ताटली झाकलेली. त्यानं स्वतः विरजलेलं, जरा पातळच.

"बाटली ठेवू का?" मी मुद्दाम विचारलं.

"फ्रिजात जागा नाही," श्यामराव म्हणाला आणि गमछा भिजवायला गेला.