डाव्या पायाची सुट्टी

बॉनेटखालून बोलतोय मी, दोन क्लचचा गिअरबॉक्स. जन्म जर्मनीतल्या कारखान्यातला आणि संसार ब्लॅक फॉरेस्टमधल्या एका चढावरच्या गावात, फ्रीडहेल्म आणि इर्मट्राउट या म्हाताऱ्या जोडप्याच्या गाडीत.

माझ्या एका क्लचकडे पहिला, तिसरा, पाचवा गिअर असतो. दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा. गाडी तिसऱ्यात धावत असते तेव्हाच चौथा तयार होऊन बसलेला असतो. एकानं सोडायचं, दुसऱ्यानं धरायचं. चाकांना पत्ताही लागत नाही.

हातानं बदलायचा गिअरबॉक्स माझा थोरला भाऊ. त्याला माणसाचा डावा पाय लागतो, आणि दर बदलाला क्षणभर गाडीची ओढ तुटते. जुना ऑटोमॅटिक तेलातून जोर पोचवतो. मुंगीच्या पावलांनी सरकण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. पट्ट्यावर चालणारा गिअरबॉक्स एकाच सुरात घूं घूं करत राहतो. मी चपळ, माझे दोन्ही क्लच मीच दाबतो, माणसाच्या पायाला काम नाही; पण चढावर क्लच अर्धवट धरून ठेवायला लावला की तापतो. स्वभावच तसा, काय करणार!

फ्रीडहेल्मनं जन्मभर बस चालवली. ऑटोमॅटिक म्हणजे म्हाताऱ्यांची गाडी, असं तो सत्तरीतही म्हणायचा. मग डावा गुडघा आखडला, क्लच दाबवेना, आणि मी घरात आलो. मुलगी वीबके म्हणाली, "बाबा, ही गाडी जमली तर ठीक. नाहीतर घर विका आणि दोघं आमच्याकडे श्टुटगार्टला या." इर्मट्राउटचा चेहरा उतरला. तिची सफरचंदाची झाडं इथली, मैत्रिणी इथल्या.

पहिल्याच वळणावर फ्रीडहेल्मचा डावा पाय सवयीनं क्लच शोधायला गेला आणि दाणकन ब्रेकवर पडला. इर्मट्राउटच्या मांडीवरचा आलूबुखाऱ्याचा केक थेट समोरच्या काचेवर!

"बसमधल्या माणसांनाही असंच आपटायचास का रे?"

"त्यांनी कधी तक्रार नाही केली."

"दात शाबूत राहिले असते तर केली असती!"

पुढे चर्चखालच्या चढावर सिग्नल लागला. ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवरच गाडी तोलून धरायची, ही त्याची जुनी ऐट. माझा क्लच भाजून निघाला, मी थरथरलो, स्टिअरिंगमागे धोक्याचा लाल दिवा लागला.

"बघितलंस? कुचकामी डबा!"

मला फार लागलं ते.

"डबा बरा आहे, तूच हट्टी आहेस," इर्मट्राउट म्हणाली. "ब्रेक दाब, निवू दे त्याला. आणि उद्यापासून डाव्या पायात बूट घालायचा नाही. गार लागलं की पायाला आठवण राहील."

मग सबंध शरद ऋतूभर त्यानं डाव्या पायात नुसता लोकरी मोजा घालून गाडी चालवली. हळूहळू तो पाय गप्प बसायला शिकला, आणि चढावर उजवा पाय ब्रेकवर जायला लागला.

एका रविवारी वीबके परीक्षा घ्यायला आली. मागे बसली, मांडीवर केक. चर्चखाली नेमका सिग्नल लाल. फ्रीडहेल्मनं ब्रेक दाबून धरला. हिरवा झाला तसा मी पहिला धरला, मग दुसरा, मग तिसरा. केक जागचा हलला नाही.

"बाबा, गिअर कधी बदलले?"

"मला काय विचारतेस? तो बघतो ते."

मला 'तो' म्हणाला! 'डबा' नाही.

"श्टुटगार्टचं राहू दे मग," वीबके म्हणाली. इर्मट्राउटनं खिडकीकडे तोंड वळवून डोळे पुसले.

आता माझंही वय झालंय. थंडीत जरा कुरकुरतो. माझं तेल वेळेवर बदला आणि चढावर ब्रेक लावा, एवढंच मागणं आहे.

इकडे चालवणारा डावीकडे बसतो, त्यामुळे फ्रीडहेल्मचा उजवा हात अजून सवयीनं गिअरच्या दांड्यावरच असतो. त्याला तिथे काही काम नाही. आयुष्यभर गाडीत तो हात इर्मट्राउटच्या वाट्याला कधी आला नव्हता. आता चर्चचा चढ लागला की ती आपला हात त्यावर ठेवते, आणि मी गिअर होता होईल तेवढा हळू बदलतो.