बिनशिंगी वळूचं चौथं वासरू

घरजावयाच्या वाट्याला सासऱ्यांचा गोठा आला आणि गोठ्याबरोबर शिंगं आली. एरवी माणूस धीट. पण पैलवान नावाच्या म्हाताऱ्या वळूने त्याला एकदा भिंतीशी दाबून धरलं होतं, बरोबर दोन शिंगांच्या मधल्या जागेत. जागा पुरली, म्हणून जावई उरला.

त्यानंतर तो आनुवंशिकता शिकला.

"बाबा, प्रत्येक गुणाचे दोन घटक असतात. एक आईचा, एक बापाचा. शिंग नसण्याचा घटक वरचढ. तो एक जरी मिळाला तरी डोकं गुळगुळीत. आपण बिनशिंगी वळू आणू."

"आणि त्याच्यात शिंगाचा घटक लपलेला असला तर?"

"मग आपल्या शिंगवाल्या गायींपासून साधारण निम्म्या वासरांना शिंगं येतील."

"एकाला जरी आली, तर पैलवान परत. आणि त्याला गाडीतून उतरवायचं तुम्ही, जावईबापू."

पैलवान शेजारच्या गावी गेला, बिनशिंगी वळू आला. पहिली तीन वासरं गुळगुळीत निघाली. वळू शुद्ध आहे, असं जावयाने जाहीर करून टाकलं. नाण्याचा तीनदा छापा पडला म्हणून त्याला काटाच नाही, असं म्हणण्यातला हा प्रकार. हे त्याला रोज दात घासताना कळायचं.

चौथं वासरू बायको पुसत होती.

"बघा हात लावून. अजून दात नाहीत त्याला."

"असतात. जन्मतःच असतात."

"मग जपून."

त्याने बोट केसांत घातलं. कानाच्या वर केसांचा भोवरा लागला. भोवऱ्याखाली हरभऱ्याएवढी गाठ. दुसऱ्या बाजूलाही तशीच.

"डास चावलाय," तो म्हणाला.

"दोन्हीकडे? एकाच मापाचा?"

खोटं बोलावं, असं त्याच्या मनात आलं. पण हे खोटं रोज वाढणार होतं, तेही डोक्यावर, टोकदार.

सासरे दारात आले. "काय म्हणतंय डोकं?"

"येणार आहेत, बाबा." आवाज इतका बारीक की वासराने कान टवकारले.

सासऱ्यांनी फोन लावला. दुपारी गाडी आली. फळ्यांच्या वर आधी दोन शिंगंच दिसली. सासऱ्यांनी दावं पुढे केलं.

"त्याला मी आठवत असेन का?"

"शर्ट तर तोच आहे तुमचा."

जावई अंग तिरकं करून गाडीत चढला. पैलवानाने त्याच्या गळ्याशी लांब श्वास सोडला. दावं अडकवायला शिंगाला हात लावावा लागला. शिंग बुडाशी कोमट होतं.

"ओढू नका," खालून सासरे म्हणाले. "तो निघाला की निघा."

पैलवान निघाला.