कुमिसमधला फितूर

मी एका विषाणूच्या डीएनएचा तुकडा बोलतोय. राहतो परक्याच्या घरात, म्हणजे एका जिवाणूच्या पोटात. तो जिवाणू राहतो उल्कानआपाच्या कातडी पिशवीत, जिच्यात घोडीच्या दुधाचं कुमिस आंबतं. पत्ता सांगतानाही माझी मान खाली जाते.

आमचं कुळ घरफोड्यांचं. जिवाणूला चिकटायचं, आपला डीएनए आत सोडायचा, त्याच्याच हातून आपली पिल्लं घडवून घ्यायची आणि घर फोडून बाहेर पडायचं. त्या उन्हाळ्यात उल्कानआपाचं घर घोड्या घेऊन डोंगरावरच्या कुरणावर आलं होतं, तेव्हा माझ्या भावांनी या पिशवीत असाच धुमाकूळ घातला. आंबवणारे जिवाणूच मेले, तर दूध आंबणार कसं?

बोल लागला तो नव्या सुनेला, मेरीमला.

"माझ्या सासूच्या वेळचं विरजण गं हे! तुझा हात लागला आणि आंबायचंच थांबलं," उल्कानआपा कडाडली.

"आपा, रोज ढवळते मी. पिशवीला धुरीपण दिली."

"धुरी दिलीस की नुसते डोळे चोळलेस? धुऊन टाक तो गाळ. आणि मग खाली गावात जाऊन राहा. कुरणावर तुझं काय काम?"

त्याच धुमाकुळात मीही एका जिवाणूत शिरलो होतो. तो तरबेज निघाला. त्याने कात्री चालवून माझे तुकडे तुकडे केले. बाकीचे विरघळून गेले, मला तेवढं त्याने स्वतःच्या डीएनएत शिवून ठेवलं. कशाला, ते नंतर कळलं. आमच्या कुळातला कुणी आत आला, की हा जिवाणू माझी नक्कल घेऊन त्याच्याशी ताडून बघतो. जुळलं, की कात्री चालते. भाऊ मला बघून हरखतो आणि तिथेच कापला जातो.

मेरीमने गाळ फेकला नाही. त्यावरच ताजं दूध ओतलं आणि डोळे पुसत ढवळत राहिली. त्या गाळात माझा घरधनी जिवंत होता. त्याची पोरंबाळं वाढली, प्रत्येकाच्या पोटात मी. दूध आंबलं.

उल्कानआपाने वाटी तोंडाला लावली. "हं. जिभेला चरचरतंय. ओत आणखी."

"मग गावात कधी जाऊ, आपा?"

"गावात? आणि ढवळणार कोण, तुझा नवरा? त्याला धड घोडी धरता येत नाही!"

मेरीम खुदकन हसली.

माझ्या कुळाने त्या पोरीला रडवलं, याची मला लाज वाटते. भावांना मी पकडून देतो, याची त्याहून जास्त वाटते. आणि ती हसली तेव्हा मला बरं वाटलं, हे तर कुणाला सांगायची सोय नाही.

भावांनो, हात जोडतो, या पिशवीकडे फिरकू नका. आलात, तर मी तुम्हाला ओळखेन.