भीमाशंकर, मुक्काम शेळगी

"म्हाताऱ्याचं नाव कार्डावरनं काढू नगंस, बाई. कागदावरनं गेलेलं माणूस दारातनं जायला लई येळ लागत न्हाय."

शेजारच्या बसव्वा असं म्हणाल्या तेव्हा सिद्धेश्वरी हसली होती. बी.कॉम. झालेली सून ती, तिला कागद कसा हलवायचा हे बसव्वांनी शिकवायचं? "अहो मावशी, नाव तेवढं जाणार. मामा काय खाटेवरून हलणार आहेत?"

लेकीचा, अक्षताचा, अर्ज भरायचा होता, खासगी शाळेतल्या मोफतच्या पंचवीस टक्के जागांसाठी. घर सोलापूरच्या शेळगीत, नवरा गुरु टॉवेलच्या कारखान्यात, त्याचा पगार मर्यादेत बसत होता. पण सासरे भीमाशंकर कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेले. उत्पन्नाचा दाखला देणाऱ्याने रेशनकार्डावर बोट ठेवलं. एक कार्ड, एक चूल, उत्पन्न सगळ्यांचं एकत्र. त्यात पेन्शन मिळवली की अर्ज बाद. अर्ज भरून देणाऱ्या दुकानदारानेच मग वाट सुचवली, आजोबा वैराग गावी राहतात असं दाखवा. तिथं त्यांच्या बहिणीचं घर कुलूप लावून पडलं होतं. त्यांचं नाव कार्डावरून काढलं, त्या पत्त्यावर वेगळं कार्ड करून तसं दाखवलं.

सोडतीत अक्षताचा नंबर लागला. पेढे वाटून झाले, आणि एक दिवस पत्ता तपासायला साहेब दारात.

खाट, खुंटीवरचं धोतर, खिडकीतल्या रक्तदाबाच्या गोळ्या. साहेबांनी सगळं निरखून पाहिलं. "हे कोण?"

भीमाशंकरच बोलले, "पाव्हणा हाय मी. वैरागचा. दुपारच्या गाडीनं निघालोच."

आणि साहेब गेल्यावर खरंच पिशवी भरायला लागले.

"मामा, हे काय?"

"जन्मात खोटं बोललो न्हाय. आज बोललो. आता ते खरं करायला नगं?"

अक्षता पिशवीला लोंबकळली. "अज्जा, मला शाळेत कोण सोडणार?"

"आधी शाळा तर मिळू दे की!"

बसव्वांनी कडक भाकरी बांधून दिल्या. सकाळची गोळी घ्यायची आठवण भीमाशंकरांना रोज अक्षता करायची. तिथं कोण करणार?

दुसऱ्या दिवशी पडताळणीच्या टेबलावर त्याच साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. 'बालकाचे आजोबा कुटुंबासोबत राहत नाहीत.' खाली सहीची जागा.

"कर की सही," गुरु कुजबुजला. "मागं रांग हाय."

तिनं पेनाला टोपण लावलं.

"राहतात," ती म्हणाली. "काल ज्यांना पाहिलंत तेच. पाहुणे नाहीत ते. घर त्यांचं आहे, आम्ही त्यांच्याकडे राहतो."

"बाई, मग जागा जाईल."

"का जाईल? अर्जात पालकांचं उत्पन्न विचारलंय. पालक आम्ही दोघं." तिनं पिशवीतून फॉर्म सोळा काढून टेबलावर ठेवला. "थकबाकी मिळाली त्या वर्षी मामांच्या पेन्शनवर कर कापला, त्याचा हा कागद. नाव वाचा. एकट्या मामांचं. तेव्हा कुणी म्हणालं नाही की एक चूल आहे, चौघांत वाटू या. कर घेताना कमाई त्यांची, आणि नातीला शाळा द्यायची म्हटलं की सगळ्या घराची?"

"बरोबर हाय की!" रांगेतून कुणीतरी ओरडलं.

साहेब वरमले. "मी नाही केला हा नियम."

"मग ज्यांनी केला त्यांच्याकडे पाठवा. वेगळं कार्ड काढलं ही माझी चूक, तेही लिहून आणलंय. पण नकार द्यायचा तर लेखी द्या. तोंडी मी घेणार नाही."

गुरुनं कपाळाला हात लावला. "अगं, पोरीच्या तोंडातला घास घालवशील!"

"गेला तर गेला. महापालिकेच्या शाळेत घालीन. पण अज्जाचं बोट धरून जाईल ती."

साहेबांनी बराच वेळ कागद उलटेपालटे केले. शेवटी पोच दिली, शिक्क्यानिशी. निर्णय वरून येईल म्हणाले. अजून आलेला नाही. भीमाशंकरांचं नाव कार्डावर परत चढवायचा अर्ज सिद्धेश्वरीनं त्याच दिवशी टाकला.

पण भीमाशंकरही हट्टी. जागा पक्की होईपर्यंत घरात पाऊल टाकणार नाही म्हणाले. रविवारी गुरु आणायला गेला, तर दारातूनच परत पाठवला. आता फोनही उचलत नाहीत. आणि सुनावणीला कधी बोलावतील याचा नेम नाही, म्हणून सिद्धेश्वरीला सोलापूर सोडता येत नाही.

म्हणून वैरागकडे जाणारा जो भेटेल त्याला ती सांगते, आणि हे वाचणाऱ्या तुम्हालाही तिचं तेच सांगणं आहे. बाजारामागं निळ्या दाराचं घर आहे, तेवढं डोकावून या. पाणी मागा, म्हणजे आत घेतील. मग गोळ्यांची पट्टी दाखवा म्हणा, आणि किती उरल्यात ते स्वतः बघा. "घेतो की रोज" म्हणाले तर विश्वास ठेवू नका.